युरोपच्या सहलींचा हिशेब: आवडीनिवडी बदलल्यावर जुन्या शीटचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की २०१५ पासून तुम्ही युरोपच्या प्रत्येक ट्रिपचा खर्च एका शीटमध्ये लिहिताय, सुरुवातीला हॉस्टेल, रात्रीच्या बसेस, बारा रात्रींत आठ शहरं असा प्रकार होता, आता एकाच गावात फ्लॅट घेऊन दहा दिवस राहणं, कॉन्सर्ट ऐकणं, निवांत जेवणं असं चाललंय, मधे एकदा आईला घेऊन गेलात, आणि आता जुने रकाने नव्या खर्चाला बसतच नाहीत. मग नवी फाइल काढावी का, जुन्या-नव्याची तुलना कशी करावी, अ‍ॅप घ्यावं का, आणि रोज रात्री लिहीत बसलं की मिस्टर वैतागतात त्याचं काय.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते. नवी फाइल काढू नका. मी काढली होती, एकदा २०१३ ला आणि परत २०१८ ला, दोन्ही वेळा पस्तावले. मी २००९ पासून हे लिहितेय, आधी फक्त स्वतःचं, मग बहिणीच्या, मैत्रिणींच्या ट्रिपांचं, आता तर ओळखीतले लोक परत आले की पावत्यांची पिशवी माझ्याच टेबलावर आणून ओततात. त्यामुळे स्वतःच्या चुका आणि दुसऱ्यांच्या चुका असा दोन्हीकडचा भरपूर साठा आहे माझ्याकडे.

माझ्या पहिल्या शीटमध्ये राहणं, खाणं, प्रवास, बघणं, किरकोळ असे पाच रकाने होते. तेव्हा ते पुरले, कारण तेव्हा प्रश्नच एक होता, पैसे शेवटपर्यंत पुरतील का. २०१६ च्या ट्रिपनंतर बेरीज केली तर राहण्याच्या खालोखाल मोठा आकडा 'किरकोळ'चा! उघडून बघते तर त्यात व्हिएन्नाच्या ऑपेराची तिकिटं, बोलोन्यातला पास्ता शिकायचा क्लास, स्टेशनवरचे लॉकर, कपडे धुण्याचे पैसे, शहराचा टुरिस्ट टॅक्स, सगळं एका पोत्यात. म्हणजे ज्यासाठी गेले होते तेच किरकोळ. मग मी शहाणपणा केला, संस्कृती, अनुभव, वेलनेस असले गोंडस शब्द टाकून नवे रकाने पाडले आणि जुन्या ट्रिपा त्यात कोंबल्या. दोन वर्षांनी मलाच आठवेना की बुडापेस्टच्या सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडाचे पैसे मी वेलनेसमध्ये टाकलेत की बघण्यात. जुना ताळाही मोडला आणि नवाही बसला नाही.

घोळ कशात होता हे फार उशिरा लक्षात आलं. पैसे कशाचे दिले आणि ते का द्यावेसे वाटले, या दोन गोष्टी मी एकाच रकान्यात लिहीत होते. पहिली गोष्ट दहा वर्षांनीही तीच राहते, अमुक तारखेला अमुक गावात ट्रेनचे इतके युरो. दुसरी आपल्याबरोबर बदलत जाते. म्हणून आता माझ्या ओळीत तारीख, गाव, रक्कम, चलन, कशाचे, किती जणांचे हे सहा रकाने आहेत, ते एकदा भरले की त्यांना हात लावायचा नाही. सातवा रकाना 'का' चा. तो नंतर, घरी आल्यावर, चहा घेत भरायचा, आणि तो बदलायची मुभा आहे. एवढंच आहे हे, पण यात सगळं बसतं.

उदाहरण द्यायचं तर रात्रीची ट्रेन. व्हिएन्नाहून व्हेनिसला किंवा रोमला नाइटजेट जाते, त्यात बर्थ घेतला तर तो प्रवास की राहणं? यावर मी लोकांना तावातावाने भांडताना पाहिलंय. मी लिहिते 'रात्रीची ट्रेन, बर्थ' आणि सोडून देते. २०१० ला तोच बर्थ मी घेतला होता कारण एका रात्रीचं भाडं वाचत होतं, २०२२ ला घेतला कारण पहाटे जाग आल्यावर खिडकीबाहेर डोंगर जाऊन सपाट शेतं लागलेली बघायची होती, आणि तेव्हा तो हॉटेलपेक्षा महागच पडला. ओळ सारखी, 'का' वेगळा. तुमच्या जुन्या शीटमध्ये हे दोन्ही 'प्रवास' मध्ये गेले असते आणि तुम्ही म्हणाला असतात की बाई प्रवासखर्च केवढा वाढला.

किंवा कॉफी घ्या. इटलीत बारच्या काउंटरला उभं राहून एस्प्रेसो प्यायली की एक भाव, तीच टेबलावर बसून मागवली की वेगळा, आणि व्हेनिसच्या सान मार्को चौकातल्या जुन्या कॅफेत बसलात तर वाद्यवृंद वाजत असताना त्याचे माणशी वेगळे पैसे बिलात लागतात. पहिली कॉफी खाण्यापिण्यात जाईल, ठीक आहे. तिसरी कॉफी मुळात कॉफी नाहीच, ती चौकातल्या खुर्चीचं भाडं आहे. ती खाण्यात टाकली की महिन्याभराने आपणच आपल्याला रागावतो, कॉफीवर एवढे उडवले म्हणून.

'का' साठी माझे पाच शब्द आहेत. गरज, हौस, सोय, माणसं, भुर्दंड. तुम्ही तुमचे घ्या, पण पाचाच्या वर जाऊ नका, सहावा आला की परत किरकोळचं पोतं तयार होतं. गरज म्हणजे जे कुठल्याही ट्रिपला लागतंच, साधं अंथरूण, साधं जेवण, गावातली बस, शेंगेन व्हिसा (मोठ्यांसाठी जून २०२४ पासून ९० युरो, आधी ८० होते). हौस म्हणजे ज्यासाठी आपण तिकडे गेलो. हौसेला मोल नसतं म्हणतात, नसेना का, रकाना मात्र असू दे. आणि हौस महागच असते असंही नाही, व्हिएन्नाच्या ऑपेरात त्याच दिवशी मिळणारी उभ्याची तिकिटं आहेत, माद्रिदचं प्रादो म्युझियम सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ फुकट असतं. तिथे मी रक्कम शून्य लिहून 'हौस' टाकते. शून्याच्या ओळी लिहायची सवय लावा, लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस, ट्राम, ट्रेन सगळं फुकट आहे, तिथली तीन दिवसांची ओळ लिहिलीच नाही तर पुढे वाटतं हे लिहायचं राहून गेलं.

सोय आणि भुर्दंड यावर जरा थांबते कारण खरी गंमत तिथे आहे. तरुणपणी मी टॅक्सीला भुर्दंड समजायचे. शेवटची मेट्रो चुकली म्हणून घेतली, म्हणजे आपलाच गाढवपणा. आईला लिस्बनला नेलं तेव्हा अल्फामा या जुन्या वस्तीच्या चढावर पहिल्याच दिवशी टॅक्सी केली आणि नंतर रोज केली, आणि शीटमध्ये लिहिताना हात आपोआप 'भुर्दंड' कडे गेला. मग थांबले. तो भुर्दंड नव्हताच, ती सोय होती, त्याशिवाय ती ट्रिप झालीच नसती. तुम्ही आईला घेऊन गेलात त्या ट्रिपमधल्या ओळी परत बघाल तेव्हा हे आठवा, बहुतेक तिथेच तुमचे रकाने पहिल्यांदा फाटलेत.

भुर्दंड मात्र प्रामाणिकपणे लिहा, कारण सगळ्या शीटमध्ये पैसे वाचवणारा रकाना तेवढा एकच. माझ्याकडे जमलेल्या पावत्यांत सगळ्यात नेमाने दिसणारा भुर्दंड म्हणजे एटीएम किंवा कार्ड मशीन विचारतं की तुमच्या घरच्या चलनात पैसे कापू का, आणि माणूस बरं वाटतं म्हणून हो म्हणतो. तो भाव मशीनवाल्याचा असतो आणि जवळजवळ कायम आपल्या तोट्याचा असतो. नेहमी स्थानिक चलन निवडायचं, प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट. हो म्हणून बसलात तर कार्डच्या स्टेटमेंटवर जो भाव पडला त्यातला आणि त्या दिवशीच्या युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरातला फरक काढा आणि तेवढाच फरक वेगळ्या ओळीत भुर्दंड म्हणून टाका. एकदा तो आकडा डोळ्यासमोर आला की पुढच्या वेळी बोट बरोबर बटणावर जातं.

माझा स्वतःचा लाडका भुर्दंड जर्मनीतला. डॉइचलांडटिकेट मे २०२३ ला ४९ युरोत सुरू झालं तेव्हा मी लगेच घेतलं, महिनाभर सगळ्या लोकल गाड्या, बस, ट्राम, भन्नाट प्रकार. पण ते तिकीट नसून वर्गणी आहे, त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. मी १२ ला रद्द केलं. घरी बसून ४९ युरोची जर्मनी फिरले. आता ते ६३ युरो झालंय (२०२५ मध्ये ५८ होतं, जानेवारी २०२६ पासून ६३), म्हणजे विसराळूपणाही महागला.

आता तारखेचा घोळ. कार्डमधून पैसे ज्या महिन्यात गेले त्या महिन्यात खर्च धरलात तर ट्रिपचा हिशेब कधीच लागणार नाही, कारण ट्रेनचं तिकीट चार महिने आधी, कॉन्सर्टचं सहा महिने आधी, हॉटेलचे अर्धे आधी आणि अर्धे तिथे. प्रत्येक ओळीला ट्रिपचं नाव द्या, 'लायप्झिग २०२४' असं, आणि पैसे कधी गेले त्यापेक्षा कुठल्या ट्रिपचे याने बेरीज करा. डिपॉझिट म्हणजे खर्च नव्हे, हॉटेल किंवा भाड्याच्या गाडीवाला कार्डवर रक्कम अडकवून ठेवतो ती लिहूच नका, शेजारी कागदावर टिपून ठेवा आणि सुटली की खोडा. एटीएममधून काढलेले पैसेही खर्च नव्हेत. ही चूक मी निदान दहा जणांच्या शीटमध्ये पाहिली, २०० युरो काढले ते लिहिले आणि मग त्यातून जे जे घेतलं तेही लिहिलं, आणि मग विचारतात की युरोप एवढा महाग कसा हो.

परत आलेले पैसे त्याच ओळीखाली वजा चिन्ह लावून लिहा, पण हातात पडल्यावरच. ट्रेन पोचायला ६० मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर युरोपियन युनियनच्या नियमाने भाड्याचे २५ टक्के आणि १२० मिनिटांपासून पुढे ५० टक्के मागता येतात (अस्मानी संकटाने झालेला उशीर असेल तर नाही), पण मागितले म्हणजे आले असं नसतं. खरेदीवरचा व्हॅट देश सोडताना परत मागता येतो, त्याचंही तसंच, फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोच्या वर, इटलीत ७० च्या वर, जर्मनीत ५० च्या वर खरेदी लागते, स्पेनला किमान रक्कमच नाही, आणि ब्रिटनमध्ये २०२१ पासून दुकानातून वस्तू घेऊन निघणाऱ्या प्रवाशाला ते मिळतच नाहीत. विमानतळावर शिक्का बसला की लोक खुशीत येऊन लगेच वजा करून टाकतात. थांबा जरा.

आणि इटलीत गाडी चालवली असेल तर ट्रिपची बेरीज वर्षभर बंद करू नका. जुन्या शहरांच्या आतल्या भागात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरा फोटो काढतो, आणि परदेशी राहणाऱ्या माणसाला दंडाची नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात. आमच्या एका नातेवाइकांना फ्लॉरेन्सची नोटीस आली तेव्हा त्यांची पुढची, पोर्तुगालची ट्रिप ठरली होती, आणि गाडीवाल्या कंपनीने नाव-पत्ता कळवायचे वेगळे पैसे आधीच कापले होते. दोन्ही ओळी जुन्या ट्रिपलाच लावल्या, नाहीतर बिचाऱ्या पोर्तुगालच्या माथी फ्लॉरेन्सचा दंड.

चलनाबद्दल एकच हट्ट आहे माझा, मूळ चलन लिहा. स्वित्झर्लंडचा फ्रँक असेल तर फ्रँक, पोलंडचा झ्लोटी असेल तर झ्लोटी. युरोत रूपांतर शेजारच्या रकान्यात. कारण सांगते. स्विस सेंट्रल बँकेने २०११ च्या सप्टेंबरपासून एका युरोला किमान १.२० फ्रँक असा दर धरून ठेवला होता आणि १५ जानेवारी २०१५ ला अचानक सोडून दिला. मी २०१४ ला आणि २०१५ च्या उन्हाळ्यात अशी दोनदा इंटरलाकनला गेले, साधारण तशीच खोली, तसंच सुपरमार्केटमधलं सँडविच-सॅलड, आणि दुसऱ्या वेळचा युरोतला आकडा बघून मला वाटलं आपण उधळ्या झालो. ६० फ्रँकचं बिल आधी जास्तीत जास्त ५० युरोचं होतं, नंतर जवळजवळ ६० चं झालं, मी काहीच केलं नव्हतं. फ्रँकचे आकडे लिहिलेले होते म्हणून कळलं. २०१६ च्या जूनमधल्या ब्रेक्झिटच्या मतदानानंतर पाउंड पडला तेव्हा याच्या उलट, लंडनमध्ये मी भलती काटकसरी दिसतेय. क्रोएशिया आणि बल्गेरियाच्या जुन्या ओळींची काळजी नाही, एका युरोला कुना ७.५३४५० आणि लेव्ह १.९५५८३ असे दर कायमचे ठरलेत, क्रोएशियाने २०२३ ला युरो घेतला आणि बल्गेरियाने २०२६ ला. फोरिंट मात्र सांभाळून, युरोला तीन-चारशे पडत असल्याने एक शून्य इकडे-तिकडे होतं, माझ्या शीटमध्ये बुडापेस्टचं एक सूप बरेच दिवस ४८ युरोचं होतं.

तुलनेचा प्रश्न. एकूण बेरजेची तुलना करूच नका, तिला काही अर्थ नाही, बारा रात्री दोघं आणि दहा रात्री तिघं यांची बेरीज शेजारी ठेवून काय कळणार? युरोपात पोचायचा आणि परतायचा खर्च आधी बाजूला काढा, तो विमानाच्या सीझनवर चालतो, तुमच्या आवडीवर नाही. उरलेल्याला रात्री आणि माणसं यांनी भागा. दिवस मोजू नका, पहिला आणि शेवटचा दिवस अर्धामुर्धा असतो, त्यावरून घरात वाद होतात, रात्र कशी सरळ मोजता येते.

मग अजून एक करा, ज्याने माझे डोळे उघडले. प्रत्येक दिवसापुढे लिहा, आज गाव बदललं की नाही. माझ्या वहीत गाव बदलायचा दिवस हा नुसत्या ट्रेनच्या तिकिटाने महाग झालेला नाहीये, स्टेशनवरचं घाईतलं खाणं, लॉकर, खोली दुपारी ३ ला मिळणार म्हणून कॅफेत काढलेले दोन तास, रेल्वे पास असूनसुद्धा टीजीव्ही किंवा युरोस्टार या वेगवान गाड्यांना वेगळं लागणारं रिझर्व्हेशन, आणि नव्या शहरात पहिल्या दिवशी चुकीचं काढलेलं मेट्रोचं तिकीट, हे सगळं मिळून तो दिवस फुगतो. तुमची आठ शहरांची ट्रिप 'स्वस्त' होती असं तुम्ही म्हणताय, ती हॉस्टेलमुळे स्वस्त दिसतेय, हलण्याचे दिवस वेगळे काढून बघा, मला वाटतं तुम्हाला धक्का बसेल. एका जागी राहिल्यावर भाडं वाढतं पण स्वयंपाकघर मिळतं, आणि जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात हे दुसऱ्या आठवड्यापर्यंत अंगवळणी पडतं, पहिल्या रविवारी स्टेशनवरच्या दुकानात जास्त पैसे देऊन दूध आणलेलं असतं.

यात अजून एक गाळणी लागते. भाव वाढलेत किती आणि आपण बदललो किती. हे वेगळं केलं नाही तर सगळं खापर स्वतःवर फोडलं जातं. पॅरिसच्या लूव्र म्युझियमचं तिकीट २०२३ पर्यंत १७ युरो होतं, २०२४ ला २२ झालं, आणि १४ जानेवारी २०२६ पासून युरोपियन आर्थिक क्षेत्राच्या बाहेरच्या लोकांना ३२. तुम्ही तेच चित्र तितकाच वेळ बघितलंत, पैसे जवळपास दुप्पट. अ‍ॅमस्टरडॅमला २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के टुरिस्ट टॅक्स आहे आणि २०२६ पासून नेदरलँडमध्ये राहण्यावरचा व्हॅट ९ वरून २१ टक्के झालाय, म्हणजे २०१५ ची खोली आणि आजची खोली यांची तुलना सरकारला वगळून करा. व्हेनिसने २०२४ मध्ये ठराविक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांना ५ युरो लावले, पुढच्या वर्षी उशिरा बुक करणाऱ्याला १०, पण जो रात्री मुक्कामाला आहे त्याला ते माफ, त्याला मुक्कामाचा वेगळा कर असतो. कधीकधी उलटही होतं, पॅरिसमध्ये जानेवारी २०२५ पासून मेट्रो आणि उपनगरी ट्रेनला सरसकट २.५० युरो केले, गावातल्या गावात फिरणाऱ्याला महाग पडलं आणि व्हर्सायला जाणाऱ्याला स्वस्त.

यासाठी मी चार खुणेच्या वस्तू ठेवल्यात आणि त्या प्रत्येक ट्रिपला मुद्दाम घेते. काउंटरवरची कॉफी, गावातलं एका वेळचं बस-मेट्रोचं तिकीट, एका मोठ्या म्युझियमचं तिकीट, आणि दुपारचं ठरलेलं जेवण, म्हणजे स्पेनमधलं मेनू देल दिया किंवा फ्रान्समधलं प्ला द्यू जूर, जे आठवड्याच्या दिवशी नोकरदार माणसं खातात ते. या चारांचे भाव जेवढे वाढले त्याच्या आसपास गरजेचा रकाना वाढला असेल तर तुम्ही बदलला नाहीत, गाव बदललं. त्याच्या पलीकडे जे वाढलं ते तुमचं.

आईच्या ट्रिपबद्दल अजून एक. कोणी बरोबर असेल आणि खर्च वाटून घ्यायचा असेल तर वाटणीचा हिशेब वेगळ्या अ‍ॅपमध्ये, स्प्लिटवाइज किंवा ट्रायकाउंट कुठलंही, आणि शीटमध्ये शेवटी फक्त तुमचा वाटा. तुम्ही आईचे पैसे भरले असतील तर पूर्ण रक्कम लिहा आणि 'माणसं' टाका, आणि 'किती जणांचे' मध्ये २. लहान मुलं असलेल्यांना हाच रकाना फार उपयोगी, लूव्रला किंवा इटलीच्या सरकारी म्युझियममध्ये १८ च्या आतल्यांना तिकीट नसतं, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला चौघांचा खर्च येतच नाही, तो रकाना नसेल तर माणशी आकडा साफ चुकतो.

अ‍ॅपचं म्हणाल तर ट्रिपमध्ये नोंदवायला कुठलंही घ्या ज्यात नेटशिवाय लिहिता येतं आणि सगळा डेटा सीएसव्हीमध्ये, म्हणजे कुठल्याही शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, बाहेर काढता येतो. दुसरी अट जास्त महत्त्वाची. माझ्या तीन ट्रिपा एका छान अ‍ॅपमध्ये होत्या, ते बंद पडलं, आणि आता माझ्याकडे त्यांचे स्क्रीनशॉट आहेत. मूळ वही शीटमध्येच हवी. रोख पैशांसाठी तर मी अ‍ॅपही वापरत नाही, पाकीट मोजते, सकाळचे वजा रात्रीचे, त्यातले मोठे दोन-तीन आठवतात तेवढे लिहिते आणि उरलेले 'सुटे' म्हणून एका ओळीत. स्वीडनला ही ओळ येतच नाही, तिथे रोख क्वचितच लागते, जर्मनीत मात्र अजून बेकरीत, बाजारात नोटा लागतात. आणि तिथल्या बाटलीवरचे २५ सेंट, जे बाटली मशीनला परत केली की मिळतात, ते लिहू नका प्लीज, एका मैत्रिणीने लिहिले होते, पंधरा दिवसांत वीस ओळी नुसत्या बाटल्यांच्या.

तुमच्या जुन्या फाइलचं असं करा. तिची एक प्रत काढून ठेवा, तिला हात लावू नका. दुसऱ्या प्रतीत 'का' चा एक रकाना जोडा आणि प्रत्येक ट्रिपमधल्या रकमेने मोठ्या वीस ओळींनाच शब्द लावा, बाकीच्यांना 'गरज' समजा. वीसच्या पुढे गेलात तर कंटाळून अख्खं काम सोडाल. तेव्हा का केला होता तेच लिहायचं, आज काय वाटतं ते नाही, तेव्हाची रात्रीची बस आज तुम्हाला छळ वाटत असेल पण २०१५ ला ती काटकसरच होती. ज्याचं कारण आठवतच नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, माझ्याकडे २०१२ चं 'क्राकाव, ८५ झ्लोटी, छत्री?' असं अजून आहे. मग पुढच्या ट्रिपचं बजेट गावांवरून करू नका, या शब्दांवरून करा, तुमच्या नव्या पद्धतीच्या दोन-तीन ट्रिपांत हौसेला किती जातात ते बघा आणि ते पैसे आधी बाजूला ठेवा, कॉन्सर्टचं कॅलेंडर बघून, खोली नंतर. लोक उलट करतात, खोलीवर आधी खर्चून बसतात आणि मग लायप्झिगच्या गेवांडहाउस या कॉन्सर्ट हॉलच्या दारात उभं राहून तिकिटाच्या किमतीवर चर्चा.

मिस्टरांचं वैतागणं रास्त आहे, मी त्यांच्या बाजूने आहे. रात्री जेवून, वाइन पिऊन आल्यावर फोन काढून आकडे टाइप करत बसलं की समोरच्याला वाटतं त्याने मागवलेल्या तिरामिसूचा पंचनामा चाललाय. सकाळी लिहा. कार्डचे मेसेज फोनमध्ये असतातच, रोखीच्या पावत्या पाकिटात, पाच-सात ओळी होतात, त्यांची आंघोळ होईस्तोवर संपतं. आणि 'का' चा रकाना ट्रिपमध्ये उघडायचाच नाही, तो घरी आल्यावर दोघांनी मिळून भरा. आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात, हे सोय का लिहिलंस, ही तुझी हौस होती, पण त्या भांडणात ट्रिप परत एकदा होते, म्हणून मी तो रकाना मुद्दाम पावसाळी रविवारपर्यंत रिकामा ठेवते.